डक्टमधली हवा : मुंबईच्या निवासी इमारतींतील नैसर्गिक वायुवीजन आणि त्याची देखभाल

मुंबईतील बहुमजली निवासी इमारतीत न्हाणीघराची, शौचालयाची आणि पुष्कळदा स्वयंपाकघराचीही खिडकी ज्या उभ्या, अरुंद आणि वर आभाळाकडे उघड्या पोकळीत उघडते, तिला रहिवाशांपासून प्लंबरपर्यंत सारेच ‘डक्ट’ म्हणतात. या पोकळीवर दोन कामे सोपवलेली असतात : तिच्या भिंतींवरून मैल्याचे, सांडपाण्याचे आणि पिण्याच्या पाण्याचे नळ खाली-वर जातात आणि आतल्या खोल्यांतली दमट, कोंदट हवा पंख्याविना तिच्यातूनच बाहेर पडणे अपेक्षित असते. पहिले काम बिघडले की छताला ओल येते, भांडण होते, प्लंबर बोलावला जातो. दुसरे बिघडले तर काहीच गळत नाही, त्यामुळे ते बिघडल्याची नोंदही कोठे होत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत डक्टचा विषय निघतो तो गळतीच्या आणि कचऱ्याच्या निमित्ताने, हवेच्या निमित्ताने तो निघाल्याचे क्वचितच आढळते. परिणामी तळाचा कचरा वर्षातून दोनदा उपसला जात असूनही ज्यातून हवा फिरत नाही असे डक्ट शहरात जागोजाग आहेत, आणि त्यांची देखभाल नियमित होते असेच संस्थेच्या दप्तरी लिहिलेले असते.

डक्टची पूर्वपीठिका जुन्या मुंबईच्या घरगल्ल्यांत सापडते. दोन इमारतींच्या पाठींमधला हा चिंचोळा बोळ मुळात टोपलीच्या संडासांतील मैला बाहेरच्या बाहेर उचलून नेण्यासाठी राखलेला असे आणि त्या कामासाठी महापालिका ‘हलालखोर कर’ या नावाने वेगळी आकारणी करी. १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा शहरातील अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे शासनाचे लक्ष वळले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे या ट्रस्टचे अध्यक्ष झालेल्या जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला : समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खोलीच्या पायापर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी त्याहून मोठा कोन करू नये, म्हणजेच समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा खिडकीपुढे असावी. या नियमाचा रोख राहत्या खोल्यांवर होता. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला आणि सामाईक असल्यामुळे त्याच्या हवेचा प्रश्न खोलीच्या हवेपासून वेगळाच राहिला.

तो एकत्र आला १९३० नंतरच्या दोन दशकांत, जेव्हा दादर, माटुंगा, शिवाजी पार्क आणि मरीन ड्राइव्ह येथे स्वतंत्र संडास-बाथरूम असलेले ब्लॉक बांधले जाऊ लागले. यांतील कित्येक इमारतींच्या पाठीमागे आजही दिसणारा गोल लोखंडी जिना सफाई कामगाराने घरात पाऊल न टाकता संडासापर्यंत पोचावे यासाठी होता. जातिव्यवस्थेने आखून दिलेल्या त्या रचनेचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की संडास बाहेरच्या भिंतीला आणि मोकळ्या हवेला लागूनच राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या राहू लागल्या, फ्लश सर्वत्र आला, जिन्याची गरज संपली आणि जागेच्या चढत्या भावात संडास इमारतीच्या पोटात सरकला. नकाशा काढताना आधी खोल्या बसवायच्या आणि उरलेल्या खाचेत डक्ट दाखवायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे, आणि आजच्या निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ या ‘उरलेल्या’ जागेतच आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

ही जागा किती असावी याचे किमान प्रमाण राष्ट्रीय इमारत संहितेने घालून दिले आहे. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या या संहितेनुसार दहा मीटरपर्यंत उंचीच्या इमारतीत वायुवीजन-डक्टचे क्षेत्रफळ किमान १.२ चौरस मीटर आणि लहान बाजू ०.९ मीटर, अठरा मीटर उंचीला ४ चौरस मीटर व १.५ मीटर, तीस मीटर उंचीला ८ चौरस मीटर व २.४ मीटर, आणि त्याहून उंच इमारतीत ९ चौरस मीटर व ३ मीटर असावी लागते. शिवाय तीस मीटरच्या पुढे पंख्यांवर चालणारी यांत्रिक व्यवस्था जोडीला असलीच पाहिजे. संडास किंवा बाथरूमच्या झरोक्याचे क्षेत्रफळ संहिता ०.३७ चौरस मीटर सांगते. मुंबईला स्वतःची विकास नियंत्रण नियमावली आहे, तिच्या १९९१ च्या आणि त्यानंतरच्या आवृत्तीत तपशील निराळे असले तरी तत्त्व हेच आहे. मात्र या आकड्यांची तपासणी भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी संपते. त्यानंतर डक्टमध्ये किती नळ वाढले, किती खिडक्या पुढे सरकल्या आणि चार चौरस मीटरपैकी प्रत्यक्षात मोकळे किती उरले, हे मोजण्याची जबाबदारी व्यवहारात कोणावरच येत नाही.

पंख्याविना हवा हलते ती दोन बळांमुळे. पहिले तापमानातील फरकाचे : आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असली तर ती हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास खालून गार हवा येते, यालाच चिमणी-परिणाम म्हणतात. हे बळ उंचीच्या दर मीटरला आणि तापमानातील दर अंश फरकाला साधारण ०.०४ पास्कल भरते. पास्कल हे दाबाचे एकक आहे. थंड प्रदेशांत हे बळ पुरेसे ठरते : सोव्हिएत काळातील पाचमजली घरांत भिंतीतच अरुंद हवा-वाहिन्या बांधलेल्या असत, आणि बाहेर उणे वीस व आत अधिक वीस अंश असताना पंधरा मीटर उंचीवर त्यांना सुमारे २४ पास्कलचा ओढा आपोआप मिळे. अशा ठिकाणी वाहिनीत वजन बांधलेला ब्रश सोडून ती खरवडली आणि जाळीपुढे धरलेली कागदाची पट्टी आत ओढली गेली, की सफाईचे काम पुरे झाले असे मानता येते. मुंबईत आतबाहेरच्या हवेत वर्षातील बहुतेक दिवस एक-दोन अंशांचाच फरक असतो, म्हणून चोवीस मीटर उंचीच्या आठमजली इमारतीतही हा ओढा दोन पास्कलपलीकडे क्वचित जातो. दुसरे बळ वाऱ्याचे. सेकंदाला तीन मीटर वेगाच्या साध्या खाऱ्या वाऱ्यातही पाच पास्कलांहून थोडा अधिक दाब असतो, आणि गच्चीवरून वाहताना हा वारा डक्टच्या तोंडाशी खेच निर्माण करतो. याचा अर्थ असा की मुंबईचा डक्ट मुख्यतः वाऱ्यावर चालतो, आणि वर खेच असली तरी खालून हवा आत यायला वाट नसेल तर वरचे दोन-तीन मजले तेवढे सुखावतात, तळमजला आणि पहिला मजला तुंबलेल्या हवेत राहतात.

येथून देखभालीचा क्रम ठरतो. वरचे तोंड, खालची वाट आणि मधल्या खिडक्या यांपैकी एकही बंद झाले तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग अर्ध्याहून कमी होतो. वरचे तोंड बंद होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे पावसाळी शेड. गच्चीची गळती थांबवण्यासाठी पत्र्याचे छत घालताना डक्टच्या कठड्यावरूनच पत्रा पुढे नेला जातो, आणि पावसाचे पाणी आत पडत नाही म्हणून वरच्या मजल्यावरचे रहिवासी त्याबद्दल समाधानीच असतात. खालची वाट बंद करतात ती पंपघर, मीटरची खोली, तळमजल्याच्या दुकानाचे वाढवलेले सामान किंवा डक्टच्या लहान लोखंडी दाराला टेकून उभी केलेली स्कूटर. मधल्या खिडक्यांच्या काचेच्या पट्ट्या, ज्यांना लुव्हर्स म्हणतात, त्या काढून तेथे सरकती काच बसवली की झरोक्याचे निम्मे क्षेत्र कायमचे झाकले जाते. त्यात वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे युनिट डक्टमध्ये टांगले, तर एका टनाच्या यंत्रामागे सुमारे साडेचार किलोवॉट उष्णता त्या बंदिस्त पोकळीत सोडली जाते. ही उष्णता वरच्या दिशेने थोडा ओढा वाढवते हे खरे. परंतु तीच गरम हवा वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरते आणि स्वतः यंत्रालाही गार हवा मिळेनाशी होते.

या साऱ्यात सर्वांत कमी समजलेला घटक म्हणजे एक्झॉस्ट फॅन. घरगुती सहा इंची पंखा तासाला साधारण २५० घनमीटर हवा बाहेर फेकतो असे धरले आणि सकाळी एका डक्टवरचे वीस पंखे एकदम चालू झाले, तर तासाला पाच हजार घनमीटर हवा त्या पोकळीत जाते. चार चौरस मीटरच्या, वर पूर्ण उघड्या डक्टमध्ये ती सेकंदाला जेमतेम ०.३५ मीटर वेगाने वर निघून जाते आणि कोणालाही त्रास होत नाही. तेच तोंड शेडखाली झाकून वाट ०.४ चौरस मीटरच्या फटीएवढी उरली, तर हवेला तेथून सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने निघावे लागते आणि त्यासाठी डक्टमध्ये सुमारे वीस पास्कल दाब साठावा लागतो. चिमणी-परिणामाच्या दोन पास्कलपुढे हा दाब दहापट आहे. साहजिकच ज्या घरी पंखा नाही किंवा बंद आहे, त्या घराच्या झरोक्यातून ही हवा आत ढकलली जाते. शेजारच्या घरातली फोडणी आपल्या बाथरूममध्ये येते ही तक्रार बहुधा येथून उगम पावते, आणि तिच्यावर प्रत्येक घराने आणखी मोठा पंखा बसवणे हा जो सर्वमान्य उपाय आहे, तो तक्रार फक्त पुढच्या घरी पाठवतो.

कोंडलेल्या डक्टचे टोक कोठवर जाऊ शकते हे हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीने २००३ साली दाखवून दिले. सार्सची लागण झालेला एक रुग्ण मार्चच्या मध्यास तेथील ‘ई’ इमारतीत नातेवाइकाकडे उतरला होता आणि जुलाब होत असल्यामुळे त्याने तेथील संडास वापरला. १५ एप्रिलपर्यंत वसाहतीत ३२१ रुग्ण नोंदले गेले, त्यांतील सुमारे चाळीस टक्के एकट्या ‘ई’ इमारतीचे होते. चौकशीत जे निष्पन्न झाले त्याचा प्रत्येक दुवा मुंबईच्या इमारतींत परिचयाचा आहे. बाथरूमच्या जमिनीतल्या ज्या सापळ्याला इकडे नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यात साचलेले पाणी मैल्याच्या नळातील हवा आत येऊ देत नाही. अमॉय गार्डन्समध्ये जमीन धुण्याऐवजी पुसण्याची सवय असल्याने अनेक घरांतले हे पाणी सुकून गेले होते. दार बंद करून एक्झॉस्ट फॅन लावला की पंखा हवेची भरपाई त्या कोरड्या सापळ्यातून करून घेई, नळातील दूषित तुषार बाथरूममध्ये येत आणि पंखा ते दीड मीटर रुंदीच्या उभ्या खाचेत फेकी. तेथून ते उबदार हवेबरोबर वर चढून इतर मजल्यांच्या खिडक्यांतून आत शिरत. चौथ्या मजल्याशी संबंधित नळाला तडाही आढळला. २०२० साली कोविडच्या साथीत चीनमधील ग्वांगझो येथे एकावर एक असलेल्या सदनिकांतील संसर्गाचा शोध घेतानाही संशोधक सांडपाण्याच्या सामाईक नळापर्यंतच पोचले होते.

मुंबईत बाथरूममध्ये पाणी ओतण्याची सवय असल्यामुळे वापरातल्या घरांचे सापळे सहसा सुकत नाहीत, ही या शहराची जमेची बाजू म्हणावी लागेल. ती बाजू झपाट्याने लंगडी होत आहे, कारण बंद पडून असलेल्या सदनिका, पाहुण्यांसाठी राखलेली दुसरी बाथरूम, ड्राय बाल्कनीतील वॉशिंग मशीनजवळचा सापळा आणि काचेच्या भिंतीने कोरडा ठेवलेला बाथरूमचा भाग येथे पाण्याचा थेंबही पडत नाही. अशा प्रत्येक सापळ्यात आठवड्याला एक तांब्याभर पाणी ओतणे, ही डक्टच्या देखभालीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित बाब आहे.

गॅस गिझरचा धोका याहून थेट आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गिझर सुमारे साडेदहा किलोवॉटने जळतो, आणि त्याला तासाला निदान नऊ-दहा घनमीटर हवा लागते. सव्वा मीटर बाय अडीच मीटरच्या बाथरूममध्ये मुळात सात घनमीटरच्या आसपास हवा असते. झरोका बंद असला तर पंधरा मिनिटांच्या आंघोळीत तिच्या एक तृतीयांशाइतकी ज्वलनात खर्ची पडते. प्राणवायू घटला की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि जो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मुंबई-पुण्यात हिवाळ्यात घडणाऱ्या अशा मृत्यूंच्या बातम्यांत दोष गिझरला दिला जातो, पण थंडीसाठी किंवा कबुतरांसाठी झरोक्याला लावलेला प्लास्टिकचा कागद तेवढाच दोषी असतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच यावरचा खरा उपाय. झरोका उघडा ठेवणे ही फार तर दुसऱ्या पायरीची काळजी आहे.

कबुतरांचा प्रश्न २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यात आला आणि वाद उच्च न्यायालयात गेला तेव्हा सार्वजनिक चर्चेत आला, परंतु डक्टमध्ये तो कैक वर्षे मुक्कामी आहे. नळांचे आडवे सांधे, वातानुकूलन यंत्रांचे ब्रॅकेट आणि छज्जे यांवर ही पाखरे वर्षभर घरटी करतात. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने काही जणांच्या फुप्फुसांत ॲलर्जीमुळे दाह होतो आणि तो वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसे कायमची घट्ट होत जातात. यावर डक्टच्या तोंडाला जाळी लावली जाते, ती योग्यच आहे. मात्र तिची भोके दोन इंचांच्या आसपास हवीत. डासांसाठीची बारीक जाळी तेथे ताणली तर वाऱ्याचा वेग बराच घटतो आणि वर्षभरात धूळ, पाने, पिसे साचून तिचेच झाकण बनते.

प्रत्यक्ष सफाईचे काम फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या दिवसांत करणे इष्ट, कारण मे अखेरीस घाईने नेमलेला कंत्राटदार तळाचा गाळ उपसतो आणि निघून जातो. तळाशी जे सापडते ते थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे : शॅम्पूच्या पुड्या, केसांचे गुंतवळ, सॅनिटरी पॅड, दाढीची पाती, कपड्यांचे चिमटे, फुटलेल्या काचपट्ट्या, दुरुस्तीतून उरलेले लाद्यांचे तुकडे आणि सिमेंट, आणि या सर्वांवर गळक्या सांध्यातून उतरलेल्या मैल्याचा थर. खिडकीतून काय टाकले जाते याची इतकी प्रामाणिक नोंद संस्थेच्या कोणत्याही इतिवृत्तात सापडणार नाही. यात पाणी तुंबले की डासांची पैदास होते, उंदीर येतात आणि उंदरांबरोबर पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका येतो. म्हणून तळाला चेंबरकडे उतार असलेला पक्का कोबा आणि निघणारी जाळी असणे हे दर वर्षीच्या उपशापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

कामाचा क्रम वरून खाली असावा लागतो. आधी सर्व मजल्यांना सूचना देऊन खिडक्या बंद करवून घ्याव्या लागतात, मग गच्चीच्या तोंडाची जाळी सोडवून दोराने उतरणारा कामगार घरटी, विष्ठा, लटकलेल्या चिंध्या आणि वापरात नसलेल्या केबली काढतो. विष्ठा कोरडी खरवडू नये, आधी ती पाण्याने भिजवून मग पिशवीत भरावी, आणि कामगाराला साध्या फडक्याऐवजी एन-९५ मास्क द्यावा. दोर दोन असावेत, एक कामाचा आणि दुसरा केवळ सुरक्षेचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. मैल्याच्या बिडाच्या नळाला, म्हणजे ओतीव लोखंडाच्या नळाला, दोर बांधणे ही नित्याची आणि जीवघेणी प्रथा आहे, कारण चाळीस वर्षांच्या नळाचे क्लॅम्प भिंतीत केव्हाच गंजून गेलेले असतात. तळाशी काम करताना बाथरूमचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कदापि एकत्र येता कामा नयेत. त्यांतून निघणारा क्लोरीन वायू हवेच्या अडीचपट जड असल्याने तो वर न जाता नेमका काम करणाऱ्याच्या नाकाशी साठतो; मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइडही हवेहून जड आहे. दार उघडून निदान तासभर हवा खेळू दिल्यावाचून तळात उतरू नये, हा नियम वरकरणी साधा वाटला तरी तो पाळणारी कंत्राटे विरळा.

हे काम करणाऱ्यांची कायदेशीर स्थिती धूसर आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा धोकादायक सफाईबाबत मुख्यतः गटार आणि सेप्टिक टँक यांचा विचार करतो, आणि अशा कामात मृत्यू आल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवून दिले. फुटक्या मैल्याच्या नळाखालचा डक्टचा तळ व्यवहारात या दोहोंहून फारसा वेगळा नसतो, तरी सोसायटीच्या खर्चाच्या वहीत ते काम ‘झाडलोट’ या सदराखाली लिहिले जाते. नळाचा सांधा आधी दुरुस्त करून, तळ चुन्याने किंवा जंतुनाशकाने धुऊन, मगच माणूस आत पाठवणे एवढे तरी संस्थेच्या हातात नक्कीच असते.

इमारतीच्या आयुष्याच्या दृष्टीने पाहिले तर डक्ट हे तिचे सर्वांत दमट अंग आहे. न्हाणीघराखालचा खोलगट स्लॅब, ज्याला कारागीर ‘संकन’ म्हणतात, त्याच्या कोब्यातून झिरपणारे पाणी डक्टकडच्या तुळईत उतरते. तेथे ऊन नाही आणि वारा थांबलेला, त्यामुळे काँक्रीट वाळत नाही, आतली सळई गंजून फुगते आणि आवरण सुटते. सांध्यांत रुजलेला पिंपळ हे याच ओलीचे चिन्ह असून, त्याचा शेंडा छाटल्याने काही साधत नाही, मुळासकट काढून सांधा भरावा लागतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे रचना-परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढील वयाच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करणे अपेक्षित आहे, आणि जाणता अभियंता ते परीक्षण दर्शनी बाजूऐवजी डक्टपासूनच सुरू करतो. पैशाची तरतूदही त्याच उपविधींत आहे : बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड. अडचण येते ती बांधकाम खर्चाचा आकडा चाळीस वर्षांपूर्वीचा असल्यामुळे. त्याच्या पाऊण टक्क्यात आज परांचीचे बांबूही येत नाहीत. बाह्य भिंती आणि सामाईक नळ संस्थेने सांभाळायचे व सदनिकेतील शौचालयाची गळती सभासदाने, ही विभागणी कागदावर स्पष्ट आहे, पण दोन्हींचे पाणी एकाच भिंतीवरून उतरत असल्याने वाद उपनिबंधकांपर्यंत जातात.

एका गल्लतीचा उल्लेख आवश्यक आहे. विजेच्या केबली नेणाऱ्या उभ्या खोबणीलाही इमारतीत ‘डक्ट’च म्हणतात, आणि तिच्यासाठी नियम नेमका उलटा आहे : आग आणि धूर वर चढू नये म्हणून ती प्रत्येक मजल्यावर आगरोधक पदार्थाने बंद केलेली असावी लागते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर सहा महिन्यांनी द्यावयाच्या प्रमाणपत्रामुळे तिकडे निदान कोणाची तरी नजर जाते. हवेच्या डक्टमधून इंटरनेटच्या आणि विजेच्या तारा सोडणे म्हणजे उघडी राहायलाच हवी अशा जागेत आगीला शिडी देणे होय, आणि केबलवाल्याला सर्वांत सोयीची वाट तीच असते.

हवा फिरते की नाही हे पाहण्यास महागडे यंत्र लागत नाही. बाथरूमचे दार थोडे उघडे ठेवून झरोक्याशी उदबत्ती धरली असता धूर बाहेर जातो, जागीच घुटमळतो की उलट आत येतो, हे प्रत्येक मजल्यावर सकाळी गर्दीच्या वेळी आणि दुपारी, पंखे चालू असताना आणि बंद असताना पाहून टिपून ठेवले तर डक्टचा पूर्ण नकाशा हाती येतो. खालच्या मजल्यांवर धूर घुटमळत असेल तर तळाची वाट बंद आहे, वरच्या मजल्यांवर आत येत असेल तर तोंड झाकलेले आहे. आकडा हवाच असेल तर वाऱ्याचा वेग मोजणारे लहान चकतीयंत्र पुरते : झरोक्याचे मोकळे क्षेत्र ०.१५ चौरस मीटर आणि वेग सेकंदाला ०.१ मीटर आला तर तासाला ५४ घनमीटर हवा जाते, म्हणजे सात घनमीटरच्या बाथरूमची हवा तासाला सातआठ वेळा बदलते, आणि अशा खोल्यांसाठी मान्य असलेल्या सहा ते दहा वेळांच्या प्रमाणात ते बसते.

नव्या बांधकामांत प्रश्नाचे रूप दोन दिशांनी बदलले आहे. पुनर्वसनाच्या वसाहतींत संपूर्ण इमारतींमधले अंतरच तीनएक मीटरवर आल्याने तेथे मोकळी जागाच डक्टसारखी वागते; गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींतील क्षयरोगाचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने केलेला अभ्यास खालच्या मजल्यांवरील ऊन-हवेच्या अभावाकडेच बोट दाखवतो, आणि तेथे सफाईने सुटेल असे फारसे काही उरलेले नाही. दुसरीकडे पुनर्विकासातून उठणाऱ्या टॉवरांत बाथरूमला झरोकाच नसतो. छतातील पंखा पत्र्याच्या नळीतून हवा उभ्या वाहिनीत सोडतो आणि तेथून गच्चीवरचा मोठा पंखा ती ओढून घेतो. शेजारची हवा उलटी येऊ नये म्हणून प्रत्येक नळीत एक हलकी झडप असते, जी धूळ आणि वाफ यांच्या किटणाने दोनतीन वर्षांत अडकते, बहुधा अर्धवट उघडी. गच्चीवरच्या पंख्याचे वीजबिल वाचवण्यासाठी तो रात्री बंद ठेवण्याचा ठराव काही संस्था करतात, आणि मग त्या अडकलेल्या झडपांतून वास मजल्यामजल्यांत फिरतो. ही झडप वर्षातून एकदा काढून धुण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. पण सदनिका सजवताना फॉल्स सीलिंगमध्ये हात जाईल एवढे दारही ठेवलेले नसले, तर त्यासाठी आधी छत कापावे लागते.